अग्रशाळेच्या पायऱ्या आणि लक्ष्या

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन नाताळच्या सुट्टीत असायचं. डिचोली तालुक्यातलं आमचं गाव लहान. पण देवळासमोर मांडव उभा राहिला, की पणजी-म्हापशाला नोकरीवर असलेले, मुंबईला स्थायिक झालेले, सगळे दोन दिवसांसाठी घरी यायचे. संध्याकाळी मुलांचे नाच, बायकांच्या फुगड्या, बक्षिसं, अध्यक्षांचं भाषण. मग जेवून-खाऊन, चटया घेऊन मंडळी परत येत आणि रात्री दहा-साडेदहाला तीन अंकी नाटकाचा पडदा वर जाई. घरात आम्ही कोंकणी बोलणारी माणसं, पण रंगमंचावर चढलो की मराठी. खनिजाचा ट्रक चालवणारा असो की पोस्टात शिक्के मारणारा, आमच्याकडे प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या नाटकाचा एक तरी अंक तोंडपाठ असायचा.

मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. बारावीत होते तेव्हापासून ते लग्न होऊन जाईपर्यंत.

संमेलन दोन दिवसांचं, पण माझ्या मनात ते महिनाभराचं आहे. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेत, रोज रात्री तालीम आणि तालीम संपली की पायऱ्यांवर बैठक. कोणीतरी नाक्यावरच्या गाड्यावरून रस-ऑम्लेट बांधून आणायचं, कोणाच्या घरून चहाची किटली यायची. आणि मग सिनेमा. कुठे काय लागलंय, कोण काय बघून आलं, कुठला सीन कसा होता. म्हापशाच्या अलंकारला रविवारी गेलेला माणूस सोमवारी रात्री अख्खी गोष्ट मध्यंतरासकट सांगायचा. ज्यांना जायला जमलं नव्हतं, त्यांचं अर्धं सिनेमा बघणं त्या पायऱ्यांवरच झालं. माझंही.

2004 सालच्या तालमी विसरणं शक्य नाही. त्या वर्षी इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पहिल्यांदाच गोव्यात आला. 29 नोव्हेंबर ते 9 डिसेंबर. पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात आयनॉक्स मल्टिप्लेक्स उभं राहिलं, मांडवीच्या काठाने रोषणाई झाली. आमचे पेटीवाले काका रजा टाकून चार दिवस पणजीला जाऊन आले आणि त्यांना मुद्दाम मधल्या पायरीवर बसवून आम्ही सगळं ऐकलं. पण काका सारखे ‘श्वास’वरच येत. त्याच वर्षी त्याला सुवर्णकमळ मिळालं होतं. मराठी सिनेमाला हा मान ‘श्यामची आई’नंतर थेट पन्नास वर्षांनी मिळाला, आणि वर भारताकडून तो ऑस्करलाही निघाला होता. डोळे काढल्याशिवाय नातवाचा जीव वाचणार नाही, हे कळलेला कोकणातला आजोबा ऑपरेशनच्या आधी त्याला जग दाखवायला घेऊन निघतो, हे सांगताना काकांचा गळा दाटायचा. आमच्या नाटकात विनोदी भूमिका करणारे दादा मात्र हटून बसले होते. ‘‘काका, लेकराचे हाल बघायला मी जाणार नाही. दिवसभर ट्रकवर धूळ खाल्ल्यावर मला हसायचं असतं.’’ काका म्हणायचे, ‘‘तू एकदा बघ तरी.’’ रोज रात्री हाच वाद, आणि रोज रात्री तेवढाच रंगायचा.

हे दादा आमच्या गावचे लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डेंना ते कधी भेटले नव्हते, नाटकातही पाहिलेलं नव्हतं. सगळी विद्या व्हिडिओ कॅसेटवरून घेतलेली. मंडळाने एका वर्षी भाड्याने व्हीसीआर आणून संमेलनाच्या दुसऱ्या रात्री ‘झपाटलेला’ लावला होता. पुढे दादांनी ती कॅसेट मिळवून मागे-पुढे करून इतकी पाहिली, की पट्टी घासली गेली. त्यांनी एकदा मला सांगितलेलं अजून लक्षात आहे. ‘‘त्याचं बोलणं सगळे उचलतात. तू तो बोलत नसतो तेव्हा बघ.’’

तेव्हापासून मी तसंच बघते. तात्या विंचू हा शेवटी रामदास पाध्यांचा बाहुला. तो जिवंत आहे हे आपल्याला पटतं, कारण समोरचा लक्ष्या त्याला खरोखर घाबरतो. ओठ कोरडे पडतात, आवाज अर्ध्यात अडकतो, नजर पळवाट शोधते. ‘अशी ही बनवाबनवी’तला परशा पार्वती होतो तेव्हाही आपण हसतो ते साडीला नाही, पकडले जाण्याच्या त्याच्या धास्तीला. एवढी भीती इतक्या नेमक्या वेळेवर दाखवणं म्हणजे नुसते चाळे नव्हेत. ‘तो नेहमी एकच करायचा’ असं जाणकार म्हणतात तेव्हा मला आजही राग येतो. ‘एक होता विदूषक’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तरी असं म्हणू नये. लेखन पुलंचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, साल 1992. तमाशातल्या त्या सोंगाड्याचा रंग पुसलेला चेहरा त्यात दिसतो. तो फार चालला नाही. आमच्या पायऱ्यांवर मात्र तो चाललाच होता, आणि त्यात उसगावकरांची वर्षा आहे म्हणून आम्हा गोंयकारांना तो दुप्पट आपला. ‘हमाल दे धमाल’मध्येही जोडी हीच, त्यामुळे आमच्या गावात लक्ष्या जवळजवळ जावई होता.

16 डिसेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी ‘स्वदेस’ लागणार होता आणि ट्रॅक्स गाडी ठरवून सगळ्यांनी पणजीला जायचा बेत होता. मी वही घेऊन अग्रशाळेत पोचले तर दिवे लागलेले, पण आवाज नाही. पेटीला खोळ तशीच. पायरीवर बसलेल्या पोस्टातल्या मामांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, ‘‘बाय, लक्ष्या गेलो गो.’’

मुंबईत, मूत्रपिंडाच्या आजाराने. वय पन्नास. त्या ऑक्टोबरातच पन्नास पूर्ण झाली होती. दादा बरोबर त्याच वयाचे होते.

त्या रात्री कोणी रस-ऑम्लेट आणायला गेलं नाही. दादा कामावरून आले ते तसेच, डोक्याला लाल धूळ. कोणाशी न बोलता सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ गेल्यावर काकांनी ‘टूर टूर’ची आठवण काढली. 1983 च्या त्या नाटकाने लक्ष्या महाराष्ट्राला कळला, त्याच्या आधी तो साहित्य संघात नोकरी करत रंगमंचाभोवती घुटमळायचा. मग एकेक जण बोलू लागला. कोणी ‘मैंने प्यार किया’ काढला, कोणी ‘धूमधडाका’. बोलता बोलता कोणीतरी हसलं आणि हसल्यावर सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. दादा तेव्हा म्हणाले, ‘‘हसा रे. त्याचं नाव काढून रडलात तर त्याला काय वाटेल?’’ आणि स्वतःच तोंडावर पंचा धरून रडले.

‘स्वदेस’चा बेत रद्द झाला. संमेलन रद्द करावं असंही दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. नाटक बसवणारे मास्तर म्हणाले, नाटक होणार. माझ्या वहीत दादांच्या वाक्यांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. जिथे हशा येणार तिथे थांबायचं, पुढचं वाक्य द्यायचं नाही. त्या वर्षी नाटकाच्या रात्री एकेका खुणेवर इतका वेळ थांबावं लागलं, की मी काळजीने पानावर बोट दाबून धरलं होतं. शेजारच्या दोन गावांतली माणसंही आली होती. दादांनी लक्ष्याची एकही लकब वापरली नाही. फक्त समोरचा बोलत असताना ते त्याचं ऐकत उभे राहायचे, आणि मांडव फुटायचा.

गेल्या नाताळात गावी गेले तेव्हा अग्रशाळेतलं कपाट आवरायला घेतलं होतं. मंडळाची तालमींची जुनी वही हाती लागली. रोज कोण आलं, कोणता अंक झाला, हे काका त्यात लिहून ठेवायचे. त्या महिन्याचं पान उघडलं. अक्षर त्यांचंच, शाई थोडी फिकटलेली.

16 डिसेंबर. सर्व हजर. तालीम झाली नाही.

17 डिसेंबर. दुसरा अंक, पहिल्यापासून.