डबा कितवा, दार कुठलं

तोक्योतल्या ओतेमाची स्टेशनच्या फलाटावर काल दुपारी गाडीची वाट बघताना खांबावरचा तक्ता नीट वाचला. कुठल्या स्टेशनवर सरकता जिना कितव्या डब्यासमोर येतो, कुठली लाइन बदलायला कुठलं दार बरं, सगळं छापलेलं. सोयच ती, पण मला चक्क राग आला.

लहानपणी बाबांबरोबर डोंबिवलीहून दादरला जायचो. रिकामा फलाट सोडून बाबा एका ठरावीक खांबापाशीच जाऊन उभे राहत. "इथंच का?" "उतरल्यावर कळेल." दादरला पाय टेकला की पुलाचा जिना नाकासमोर! मागच्या डब्यांतली माणसं धावत येईपर्यंत आम्ही वर. ही विद्या कुणी शिकवत नसे. वर्षानुवर्षं धक्के खाऊन अंगात मुरायची. इथे ती खांबावर फुकट. आईच्या हातची भाजणी पाकिटावर प्रमाणासकट सापडावी, तसं वाटलं.

असे तक्ते तोक्योत आले ते फुकुई यासुयो या बाईंमुळे. बाबागाडी घेऊन जिने शोधताना जीव मेटाकुटीला आला, म्हणून त्यांनी स्टेशनं पालथी घालून ही माहिती जमवली. म्हणजे मुळात धक्के खाल्लेलेच कुणीतरी. राग थोडा ओसरला.

ओतेमाचीला तर तक्ता हवाच. १९५६ साली मारुनोउची लाइन आली, मग तोझाई, चियोदा, मिता, शेवटी १९८९ ला हानझोमोन. पाच लाइनी, आणि एकीवरून दुसरीवर जाताना जमिनीखालची वाट संपता संपत नाही.

बाबा तोझाई लाइनवरच्या निशिकासाईला आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना असाच तक्ता कौतुकाने वाचून दाखवला होता. ऐकून म्हणाले, "आणि सगळेच इथे उभे राहिले तर?" तोझाईवर किबा स्टेशनच्या पुढे एके काळी सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते मोकळ्या डब्याकडे निघाले, मी मागोमाग.

त्या दिवशी ओतेमाचीला मग भरपूर चालणं झालं. स्टेशनच्या सी-५ दारातून वर आलो तर शेजारीच तायरा नो मासाकादोची शिरसमाधी. ९४० साली हे बंडखोर सरदार मारले गेले, शिर क्योतोत टांगलं, आणि ते उडत इथवर आलं अशी आख्यायिका. १९२३ च्या भूकंपानंतर अर्थखात्याने या जागेवर तात्पुरती कचेरी थाटली, १९२६ त अर्थमंत्रीच वारले, आणि लोकांनी त्याचाही संबंध शिराशी जोडला.

बाबांनी हात जोडले. "क्योतोहून थेट? कुठे बदलावं लागलं नाही म्हणजे."