तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रेनिंगला जाताना पेटीत काय भरायचं

लष्कर भरतीचा निकाल लागला की आमच्या भागात दोनच प्रश्न सुरू होतात, पेढे कधी आणि पेटीत काय भरायचं. दुसऱ्या प्रश्नासाठी लोक माझ्याकडे येतात, कारण मी मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, तिच्या बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरलाच घडलो, आणि आता रिटायर होऊन घरी असतो त्यामुळे कधीही सापडतो. आई विचारते, मामा विचारतो, पोरगं स्वतः मात्र रात्री अकराला मेसेज टाकतं, "सर ट्रिमर चालेल का". नाही चालत. रोज दाढी, रोज ब्लेडनं, दाढी उगवली नसली तरी, उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, गालावरून उलटा हात फिरवून बघतो. तर एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी जॉइनिंगचं पत्र नीट वाचा. त्यात यादी असते आणि ती सेंटरगणिक बदलते, बेळगावची वेगळी, सागरला महार रेजिमेंटची वेगळी, नाशिकरोडला तोफखान्याची वेगळी. त्यामुळे पीटी शूज कुठल्या रंगाचे, बनियन किती, हे मला विचारू नका, यादीत असेल ते घ्या. पेटीसुद्धा बऱ्याच ठिकाणी तिथंच मिळते, आणि घरून नेलीत तर कृपा करून तिच्यावर नाव रंगवून नेऊ नका, आर्मी नंबर तिथं गेल्यावर मिळतो आणि मग नंबर, नाव, कंपनी हे सगळं तिथल्या पद्धतीनं पांढऱ्या रंगात लिहायचं असतं. एका काकांनी हौसेनं पेटीवर मोरपीस काढून दिलं होतं पोराला. ते पोरानं पहिल्याच रविवारी घासून काढलं.

वर्दी, बूट, कंबल, मच्छरदाणी सरकार देतं. राहतं काय, तर पेटीच्या कोपऱ्यातलं बारीकसारीक सामान, आणि खरी गंमत तिथंच आहे. मी दोन गोष्टी बघायला सांगतो. वस्तू लाईट गेल्यावर नुसत्या हाताला सापडते का, आणि हरवली तर पोटात खड्डा पडेल का. पहिल्याचं उत्तर नाही किंवा दुसऱ्याचं हो असेल तर घरी ठेवा.

कुलूप. लोक ट्रॅकसूटवर तीन हजार घालवतात आणि कुलूप घेतात चाळीस रुपयांचं, स्टँडवरचं. अहो बेळगावचा पाऊस माहिती आहे ना, जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत टॉवेल वाळत नाही, तिथं ते लोखंडी कुलूप आठवड्यात गंजतं आणि मग पहाटे फॉलिनची, म्हणजे रांगेत उभं राहायची, शिट्टी वाजलेली, बाकीची पोरं बूट चढवून बाहेर पळालेली, आणि आपण पेटीपुढं उकिडवे बसून किल्ली हलवतोय, ती फिरत नाही, जोर लावला तर आतच मोडते, बेल्ट पेटीत, टोपी पेटीत. हे मी इतक्या पोरांचं बघितलंय की आता कुलूप दाखवल्याशिवाय मी पोराला शुभेच्छा देत नाही. पितळेचं घ्या, मध्यम आकाराचं, तीन किल्ल्यांचं. नंबरवालं नको, अंधारात आकडे कोण वाचणार. एक किल्ली करदोट्याला. आपल्याकडच्या पोरांच्या कमरेला करदोटा असतोच, गळ्यातलं काढायला लावतात पण कमरेचं शर्टाच्या आत असतं, धावताना वाजू नये म्हणून किल्लीला दोऱ्याचे दोन वेढे जास्त मारायचे. दुसरी किल्ली शेजारच्या चारपाईवरच्या पोराकडे, म्हणजे दोस्ती आपोआप होते. तिसरी घरी आईकडे, तिचा तसा उपयोग शून्य पण ती मागते.

घड्याळ साधं, डिजिटल, कॅसिओचं ते काळं एफ-91डब्ल्यू असतं तसलं, 1989 पासून तेच मॉडेल चाललंय, हलकं आहे, अलार्म आहे, बाजूचं बटण दाबलं की उजेड पडतो, सेल वर्षानुवर्षं टिकतो. स्मार्टवॉच नको, नको, नको. लोकांना वाटतं साहेबलोक उगाच कडक आहेत, पण 2018 ला एका फिटनेस ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून परदेशातले लष्करी तळ उघडे पडले होते, जगभर बातमी झाली होती. तुमच्या मनगटावरचं जीपीएस तुम्ही किती पावलं चाललात एवढंच सांगत नाही. आणि मामानं दिलेलं सोनेरी घड्याळ लग्नात घाला.

साबण, ब्रश, पेस्ट, ब्लेड, पॉलिश, पितळ चमकवायचं ब्रासो यावर फार डोकं लावू नका, कॅन्टीनमध्ये मिळतं, पहिल्या आठ-दहा दिवसांचं न्या. सुई-दोरा आणि चार बटणं मात्र न्या आणि जायच्या आधी आईकडून बटण लावायला शिकून जा, आई लावून देणार नाहीये तिथं. कपड्यांवर न धुतला जाणारा मार्कर, कारण पन्नास-साठ पोरांच्या एकसारख्या पांढऱ्या बनियनी एकाच दोरीवर वाळत असतात आणि कुणी चोरत नसतं, पण संध्याकाळी तुमची बनियन दुसऱ्याच्या अंगात असते. रबरी चपलेवर सुद्धा नंबर टाका. सेफ्टी पिना घ्या, मूठभर.

आता पाय. भरतीला तुम्ही 1.6 किलोमीटर एकदा पळलात, तिथं रोज पळायचंय, वर ड्रिल, टाच आपटून आपटून, इन्फंट्रीत अग्निवीरांचं ट्रेनिंग 31 आठवड्यांचं आहे. भरती अकॅडमीतली पोरं प्रोटीनचे डबे कुठं लपवायचे विचारतात, नेलकटरचं कुणी विचारत नाही. नखं वाढली की ओल्या बुटात अंगठ्याचं नख आत रुततं, पू होतो, आणि मग लंगडत परेड. त्यामुळे नेलकटर, साधी टाल्कम पावडर, चिकटपट्टीचा रोल, व्हॅसलिनची छोटी डबी, बस. फोड आला तर त्याची कातडी सोलायची नाही, पट्टी मारायची. पण गोळ्यांची पिशवी नेऊ नका. नडगीत एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, धावताना वाढते, असं झालं तर ते दुखणं पेनकिलर खाऊन दाबायचं नसतं, हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, रंगरुटांमध्ये हे भरपूर होतं. एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जायचं आणि सांगायचं. पोरं लाजतात, बॅच मागं पडेल म्हणून लपवतात, आणि तडा मोठा झाला की मग बॅच खरंच मागं पडते.

फोन नेता येतो बऱ्याच ठिकाणी, पण जमा होतो, आणि रविवारी किंवा ठरलेल्या वेळी थोडा वेळ हातात येतो. म्हणून महागडा नेऊ नका आणि एक छोटी खिशातली डायरी न्या. तिच्यात नंबर हातानं लिहायचे. मी समोर बसलेल्या पोराला विचारतो, आईचा नंबर सांग, दहातल्या सात-आठ पोरांना येत नाही, फोनमध्ये सेव्ह आहे म्हणतात. डायरीच्या मागच्या पानावर बँक खातं, आधार, रक्तगट, आई-वडिलांच्या जन्मतारखा, कारण फॉर्म भरताना हे पुन्हा पुन्हा विचारतात. पासपोर्ट फोटो सांगितलेत त्याच्या दुप्पट न्या. आणि कागदपत्रांवर आईचं नाव एका ठिकाणी "सुनिता" नि दुसरीकडे "सुनीता" असेल तर ते आत्ताच बघा, ही चूक तिथून दुरुस्त करायला जीव जातो.

देवाचं विचारतातच. जोतिबाचा, खंडोबाचा, कुणाचाही छोटा फोटो न्या, पेटीच्या झाकणाला आतून लावता येतो, कुणी काही बोलत नाही, मंदिर परेडसुद्धा असते. घरच्यांचा एक फोटो त्याच्या शेजारी. अंगठी, चेन, चांदीचं कडं घरी. गुलालाची आणि भंडाऱ्याची पुडी नेताय तर नीट बांधा, कीट ले-आउटला सगळं सामान चारपाईवर ओळीनं मांडावं लागतं आणि पांढऱ्या मोज्यांवर भंडारा सांडलेला उस्तादाला लांबून दिसतो. मग रगडा, म्हणजे शिक्षा, तोही सगळ्या लाईनला.

मुलींच्या आयांचेही फोन यायला लागलेत, छान वाटतं. मिलिटरी पोलिसातली पहिली 83 मुलींची बॅच 2021 ला बंगळूरहून पास आऊट झाली, आता दरवर्षी जातात. त्यांना वरचं सगळं तसंच, शिवाय काळ्या साध्या पिना आणि रबरं भरपूर, आणि पॅड दोन-तीन महिन्यांचे, नेहमीच्याच कंपनीचे, तिथं जाऊन नवीन प्रयोग नको.

राहिले लाडू. डिंकाचे, बेसनाचे, तुम्ही ऐकणार नाही, देणारच आहात. द्या, पण पोराला हळूच देऊ नका, पूर्ण बॅरेकला पुरतील एवढे द्या आणि पहिल्याच रात्री उघडायला सांगा. पेटीत लपवलेल्या लाडवाला बेळगावात बुरशी येते आणि इतर कुठेही मुंग्या येतात. शिवाय बिहारच्या, पंजाबच्या पोराला तुमच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दाखवला की पुढचे काही महिने त्याच्या घरचं लोणचं तुमच्या पोराच्या ताटात येतं.

कुलूप धरून हे सगळं हजार-बाराशेत बसतं, घड्याळ वेगळं. दोन हजारांच्या वर गेलात तर पिशवी घेऊन माझ्याकडे या, काय परत करायचं ते सांगतो.