श्वास सोडल्यानंतरची मुद्रा

पाण्याखाली नृत्याची छायाचित्रे टिपताना नजरेइतकेच श्वासाचे भान ठेवावे लागते, असे माझे ठाम मत आहे. फुप्फुसे हवेने भरलेली असली की नर्तिकेचे शरीर वर ओढले जाते आणि तिने श्वास सोडला की ते सावकाश खाली जाऊ लागते; त्यामुळे ती मध्येच तरंगत राहील की तळाला टेकेल, हे बरेचसे तिने धरून ठेवलेल्या हवेवर ठरते. श्वास रोखल्याचा ताण आधी चेहऱ्यावर उमटतो. गाल फुगतात, कपाळ आक्रसते आणि मग हातांची मुद्रा कितीही रेखीव असली तरी चित्रात दिसतो तो केवळ प्रयास. याउलट, थोडी हवा सोडून ती स्थिरावली की मान आणि बोटे आपसूक सैल होतात. मी त्या क्षणाची वाट पाहतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्यामुळे येथे घिरकी संथ होते, उडीला जमिनीचा आधार उरत नाही आणि शरीर थांबल्यानंतरही वस्त्र काही काळ फिरत राहते. नृत्यातली हालचाल संपली आहे आणि वस्त्रातली अजून चालू आहे, हा मधला अवकाश मला सर्वांत मोलाचा वाटतो. सलग शटर दाबत राहिल्याने तो हाती लागतोच असे नाही, शिवाय पूर्ण शक्तीने उजळलेल्या फ्लॅशला पुन्हा सज्ज व्हायला वेळ लागतो, म्हणून एकच छायाचित्र पण नेमक्या वेळी, ही शिस्त मी पाळतो.

पृष्ठभागाचेही तसेच आहे. खालून वर पाहिले असता बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूएवढ्या गोल खिडकीतून दिसते आणि त्या खिडकीपलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरसा बनतो. त्या आरशात नर्तिकेचे अखंड प्रतिबिंब हवे असेल, तर तिने, मी आणि मदतनिसांनी पाणी शांत होईपर्यंत निश्चल राहायला हवे. माझ्या पायांनी तळ ढवळला गेला, तर उठलेले कण फ्लॅशच्या प्रकाशात पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, दोन्ही बाजूंना ठेवल्याने ते कमी होतात, पण ढवळलेल्या पाण्यावरचा खरा उपाय थांबणे हाच आहे.

अमेरिकी छायाचित्रकार टोनी फ्रिसेल यांनी १९४७ साली फ्लोरिडातील वीकी वाची येथे टिपलेले, लांब वस्त्रात तरंगणाऱ्या स्त्रीचे कृष्णधवल छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्यातल्या स्त्रीचा चेहरा स्पष्ट दिसत नाही, तरी तिच्या देहाची निवांतता मनात उतरते.

पाण्यात उतरण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची सवय मात्र घातक आहे. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि कोणतीही सूचना न मिळता शुद्ध हरपू शकते. म्हणूनच केवळ नर्तिकेवर लक्ष ठेवणारा प्रशिक्षित पाणबुड्या जवळ हवाच, आणि वर जाण्याचा निर्णय सर्वस्वी तिचा असायला हवा. तिने ठरलेली खूण केली की चौकट कितीही सुंदर जुळून आलेली असली तरी मी कॅमेरा खाली घेतो आणि तिची वाट मोकळी करतो.