सासूचं माहेर, सुनेचं माहेर

पाच वर्षांची मुलगी, पानथरी बेंबीच्या खाली उतरलेली, प्लेटलेट्स चाळीस हजार. चिठ्ठीवर 'ल्युकेमिया?' असं प्रश्नचिन्ह. त्याआधी वर्षभर लोहाची सिरपं आणि मलेरियाच्या गोळ्या. एवढ्या काळात पोटावर हात ठेवायला कुणाला सवड झाली नाही, याचा राग अजून जात नाही.

जिल्ह्याच्या गावी मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासणीसाठी आम्ही पॅथॉलॉजिस्टच काढतो, नातेवाइकांशीही आम्हीच बोलतो. लिशमन स्टेन, म्हणजे स्लाइडवरच्या पेशी रंगवणं, मी टेक्निशियनवर सोडत नाही. बफरचं पीएच 6.8च्या वर सरकलं की सगळी स्लाइड निळी. त्या दिवशी स्टेन झकास उतरला होता. ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियातल्या, रक्ताच्या कर्करोगातल्या कच्च्या पेशी, नव्हतेच. स्लाइडवर पसरलेल्या थराच्या, स्मिअरच्या, शेपटाकडे मोठाल्या पेशी, केंद्रक एका कडेला, बाकीचा भाग चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखा. गोशे! म्हणजे गोशे या आनुवंशिक आजाराच्या पेशी.

जुन्या रक्तपेशींच्या आवरणातली एक चरबी फोडणारं ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम या आजारात कमी पडतं. मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी ती चरबी गिळतात, पचवू शकत नाहीत आणि पानथरीत, यकृतात, हाडांत साचत जातात. पण अशा पेशी सीएमएल या रक्ताच्या कर्करोगातही दिसतात, म्हणून रक्त एन्झाइमसाठी मुंबईला पाठवलं. एन्झाइम जवळजवळ नव्हतंच.

रिपोर्ट न्यायला आजीही आली. "आमच्यात न्हाई कुणाला असलं. हिच्या माहेरचं हाय." सून गप्प. मी सांगितलं, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. नात्यातलं लग्न का, विचारलं. बाप म्हणाला, "मामाचीच मुलगी केलीय."

म्हणजे सुनेचं माहेर तेच सासूचंही. कागदावर गोल-चौकोन काढून दाखवले: आजी, तिचा भाऊ, वर त्यांचे आईवडील. बहुधा तिथलाच एक बिघाड दोन वाटांनी खाली आलेला.

"म्हंजी दादाकडनंबी आन् माझ्याकडनंबी?"

हो म्हटलं. सुनेवरचा ठपका पुसायचा होता, म्हातारीवर ठेवायचा नव्हता. दोष कुणाचाच नाही हेही सांगितलं, पण तोवर ती कागदाकडेच बघत होती. हे काम जेनेटिक काउन्सेलरचं. आमच्याकडे तो कुठून येणार?

औषध आहे: ते एन्झाइमच शिरेतून, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. डोस वजनावर, म्हणजे मुलगी वाढेल तसा खर्चही. 2021च्या दुर्मीळ आजार धोरणात मदतीची मर्यादा 50 लाख. जन्मभराच्या औषधाला एकदाच संपणारी रक्कम, हा हिशोब कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. त्या मदतीसाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयाला कागद गेलेत.

मुलीच्या धाकट्या भावाला तपासणीचं रक्त द्यायला पुढच्या आठवड्यात आजीच घेऊन आली.