आधी चहा पिऊन दाखव

"नव्या वर्षात रोज एक तास ध्यान करणार," असे आज सकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर एका मित्राने जाहीर केले, तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या आईने शांतपणे एवढेच म्हटले, "आधी चहा मोबाइलशिवाय पिऊन दाखव."

सगळे हसले. मला मात्र ते वाक्य दिवसभर सोडेना, कारण चहा संपल्याचे त्याला रिकामा ग्लास ओठांना लावल्यावरच कळले होते.

इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात माणसे दहा दिवस तासन्‌तास बसतात. पण तिथे घंटा ठरलेली असते, जेवण आयते मिळते आणि फोन जमा केलेला असतो. ही सोय ठाण्याच्या घरात कुठून आणायची?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली छापलेल्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक सवय रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून घेतली होती, जसे दुपारच्या जेवणाबरोबर पाणी पिणे. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, काहींना त्याहून कितीतरी जास्त. साधी कृती व्यायामापेक्षा लवकर रुजली आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. (आपण मात्र मकरसंक्रांतीपर्यंत एक दिवस चुकलो की संकल्पच सोडतो.)

त्यामुळे तासाच्या संकल्पापेक्षा फलाटावर लोकल येईपर्यंत केवळ श्वासाकडे लक्ष देणे मला अधिक प्रामाणिक वाटते. तुमच्या दिवसात असा प्रसंग कोणता?