तुओल स्लेंग आणि चुंग एक: कॉलेजच्या अभ्याससहलीसाठी

कंबोडियाची राजधानी फ्नोम पेन्ह इथे गट नेताना बहुतेक आयोजक सकाळी राजवाडा, दुपारी तुओल स्लेंग वंशसंहार संग्रहालय आणि संध्याकाळी बाजार असा बेत आखतात. तसं करू नका. तुओल स्लेंगला किमान तीन तास द्या आणि त्या दिवशी चुंग एक या वधभूमीशिवाय दुसरं काहीच ठेवू नका. आधी तुओल स्लेंगचा जुना तुरुंग, मग शहराबाहेर साधारण 15 किलोमीटरवरची ही वधभूमी, हाच क्रम पाळा. कैद्यांना रात्री ट्रकमध्ये घालून याच वाटेनं नेत असत. उलट क्रमाने गेलं तर कवट्या आधी दिसतात आणि त्या कोणाच्या हे मात्र नंतर कळतं.

17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी शहर ताब्यात घेऊन रिकामं केलं. पुढे तुओल स्लेंग इथल्या शाळेचा तुरुंग झाला, सांकेतिक नाव एस-21. त्याचा प्रमुख डुच (Duch) हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. 15 हजारांहून अधिक माणसं इथे आणली गेली. जिवंत राहिल्याची नोंद जेमतेम डझनभरांची आहे.

सकाळी 8 ला दार उघडतं, तेव्हाच आत जा. उशिरा ऊनही वाढतं आणि गर्दीही. तिकीट 5 डॉलर, ऑडिओ गाइडचे वेगळे 5. निघण्याआधी दर पुन्हा तपासा. ऑडिओ गाइड घेतला की गट पांगतो, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. आम्हाला स्थानिक वाटाड्या अधिक उपयोगी वाटतो, कारण मुलांना प्रश्न विचारता येतात.

ए इमारतीच्या खोल्यांत लोखंडी पलंग आहेत आणि भिंतीवर जानेवारी 1979 मध्ये, ख्मेर रूजचा पाडाव झाल्यावर, तिथे सापडलेल्या मृतदेहांचे फोटो. अशा शेवटच्या 14 जणांच्या कबरी अंगणात आहेत. मुलांना हे दाराबाहेरच सांगून ठेवा. ज्याला आत जायचं नसेल त्याला अंगणातल्या बाकावर बसू द्या, आग्रह नको.

खरी चूक होते ती पुढे. ए मध्ये सुन्न झालेला गट बी इमारतीतून भराभर निघून जातो. वेळ द्यायचा तो इथे! कैदी दाखल होताच काढलेले हे फोटो आहेत: छातीवर नंबर, नजर थेट कॅमेऱ्यात, कुणाच्या कडेवर तान्हं मूल. फोटो तुरुंगानेच काढले, जबान्याही त्यानेच लिहवून घेतल्या. तीच कागदपत्रं नंतर न्यायालयात पुरावा ठरली. सी इमारतीत वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून केलेल्या कोठड्या आहेत, रुंदी हात पसरता येणार नाही इतकी. बाहेरच्या काटेरी तारा कैद्यांनी उडी मारून जीव देऊ नये म्हणून लावल्या होत्या. डी मध्ये इथून जिवंत सुटलेले चित्रकार व्हान नाथ यांची चित्रं आहेत.

इतिहास आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट वाचूनच यावी. 1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहारविरोधी करारात राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक गट येतात, राजकीय गट येत नाहीत. म्हणून डुचला 2012 मध्ये जन्मठेप झाली ती मानवतेविरुद्धच्या आणि युद्धगुन्ह्यांसाठी. वंशसंहाराचा निकाल 2018 मध्ये इतर नेत्यांविरुद्ध आला, व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम यांच्याबाबत. हा फरक माहीत असला की वाटाड्याला विचारायचे प्रश्नच बदलतात.

चुंग एकला ऑडिओ गाइड जरूर घ्या, फलक अपुरे आहेत. 129 सामूहिक कबरींपैकी 86 उकरल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या आहेत. पावसानंतर हाडांचे तुकडे आणि कपड्यांच्या चिंध्या वर येतात. पायवाट सोडू नका, काही उचलू नका, दिसलं तर कर्मचाऱ्याला दाखवा. कवट्या ठेवलेल्या स्तूपात पादत्राणं काढून जायचं.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. मनाई असलेल्या खोल्यांत फोटो काढू नका; मनाई नसली तरी सेल्फी नकोच. डॉलर सगळीकडे चालतात, पण फाटलेली किंवा शाई लागलेली नोट कुणी घेत नाही, तेव्हा मुंबईतच नोटा पारखून घ्या. सुटे पैसे रिएल या स्थानिक चलनात मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. भारतीयांना व्हिसा लागतो, ऑनलाइन काढता येतो; पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

चर्चेचा तास त्याच संध्याकाळी ठेवू नका, मुलं बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर ठेवा आणि सुरुवात बी इमारतीतल्या फोटोंपासून करा.