जुळ्यांना वेगळं का केलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हळदीकुंकवाला विचारलंत, मैदानाच्या कठड्याशी उभं राहून विचारलंत, आणि कोल्हापूरहून वन्सं तर दर व्हिडिओ कॉलला विचारतात, "पोरं जुळी, खेळ एक, मग फोडलीस कशाला गं त्यांना?" आता दोघं इथे इंग्लंडमध्ये एकाच फुटबॉल क्लबात, इस्थमियन लीग नावाच्या खालच्या स्पर्धेच्या उत्तर विभागात खेळतात, म्हणून प्रश्नाला नवी धार आलीय. शेवटी एकत्रच आले ना, मग मधल्या काळात कशाला तो खटाटोप!

आले एकत्र. प्रीमियर लीगपासून मोजत खाली आलात तर आठव्या पायरीवर आले. मंगळवार-गुरुवार रात्री सराव, शनिवारी सामना, एरवी थोरला शाळेत मुलांना खेळ शिकवतो आणि धाकटा घरोघरी वायरिंगची कामं करतो. याला करिअर म्हणायचं का, हे तुम्ही तोंडावर विचारत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. हो, म्हणायचं. पेट्रोल आणि बूट सुटतील एवढेच पैसे मिळतात, तरी म्हणायचं.

मी त्यांना वेगळं केलं नाही, त्यांच्या जुन्या क्लबनं केलं. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आता माझंच मला पाठ केल्यासारखं वाटतं. कारण क्लबनं अर्धंच काम केलं होतं.

इथे क्लबच्या अॅकॅडमीतल्या मुलांचा निकाल सोळाव्या वर्षी लागतो. स्कॉलरशिप मिळाली तर दोन वर्षं पूर्णवेळ खेळ, नाहीतर निरोप. आम्हाला बोलावलं होतं संध्याकाळी. मला वाटलेलं, दोघांना एकदमच आत घेतील. नाही, आधी थोरला. आत दोन प्रशिक्षक, मध्ये टेबल, टेबलावर फाइल. हसून हात मिळवले. "याच्या शरीराला अजून वाढायला वाव आहे, म्हणून आम्हाला हा हवाय." त्याला बाहेर बसवून धाकट्याला आत घेतलं. तीच माणसं, तशीच दुसरी फाइल. "याचं शरीर अजून भरलेलं नाही, म्हणून आम्हाला थांबावं लागतंय." माझी मुलं एकमेकांचे शर्ट घालतात. बुटांचा नंबर एक. त्या वर्षी धाकटाच उंचीला किंचित जास्त होता. मी ते बोलूनही दाखवलं, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं फाइल मिटली आणि म्हणाला, "वुई अंडरस्टँड इट्स डिफिकल्ट." धाकट्यानं उठून दोघांशी हस्तांदोलन केलं. ते मी शिकवलं होतं, कुणाकडूनही निघताना हात मिळवायचा. त्या दिवशी त्यानं ते विसरायला हवं होतं.

परत येताना नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर गाड्यांची नेहमीची रांग. मागच्या सीटवरून थोरला म्हणाला, "मी पण नाही जाणार." नवऱ्यानं रेडिओ बंद केला. मला, खरं सांगते, अभिमान वाटला. रामलक्ष्मण वगैरे सगळं डोक्यात येऊन गेलं. मग आरशात धाकट्याचा चेहरा दिसला. खिडकीकडे वळवलेला, लाल झालेला. त्याला नाकारलं होतं, आणि वर आता भावाच्या त्यागाचं ओझंही त्याच्याच डोक्यावर येणार होतं. पुढे कधीही काही बिनसलं, तर हिशेब त्याच्या नावावर.

रात्री मी थोरल्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं, सही करायची. तो रडला. मी सोडलं नाही. इथपर्यंत ऐकून तुम्ही "अरेरे" म्हणता, म्हणून मी सहसा इथपर्यंत सांगत नाही.

त्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटले होते की वेगळं होण्यानं दोघांना स्वतःची ओळख मिळेल. ते मासिकातलं वाक्य होतं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई, ओळख कुणाला हवी होती? त्यांना एकमेकांना पास द्यायचा होता.

आणि हे फक्त माझ्याच घरी झालं असंही नाही. आमच्या मैदानावर एक आजोबा येतात, त्यांनी मला मॉर्गन जुळ्यांबद्दल सांगितलं. रॉजर आणि इअन, लंडनमधल्या वॉल्थमस्टोचे, दोघंही क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबचे विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारे. १९६७ साली क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना लीग कपच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर पोचला. समोर वेस्ट ब्रॉमविच अल्बियन, वरच्या डिव्हिजनचं, मध्यंतराला २-० पुढे. रेंजर्सनं ३-२ असा सामना फिरवला आणि त्यांचा पहिला गोल रॉजरचा. इअन त्या अकरा जणांत नव्हता. १९६९ साली टॉटनहॅम क्लबनं एक लाख दहा हजार पौंड मोजून रॉजरला नेलं, इअन मागे राहिला. त्यांच्या आईला कुणी विचारलं असेल का, का फोडलीस म्हणून?

चेंबर्स या जुळ्या बंधूंचं उदाहरण तर मी पदरात बांधूनच फिरते. अॅडम आणि जेम्स, दोघं वेस्ट ब्रॉमविचमधून वर आले, इंग्लंडच्या युवा संघात एकत्र खेळले. २००४ साली जेम्स वॉटफर्ड क्लबला गेला. अॅडम पुढे आमच्या भागातल्या लेटन ओरिएंट क्लबला होता, नवरा आमच्या दोघा पोरांना खांद्यावर घेऊन त्याला बघायला जायचा. २०१३ साली ते भाऊ वॉल्सॉल क्लबला पुन्हा एका संघात आले. हे उदाहरण मी नेहमी देते आणि मग वन्सं म्हणतात, "म्हणजे नऊ वर्षं वायाच गेली की!" त्यांच्याशी वाद घालणं अवघड आहे.

थोरल्याला अठराव्या वर्षी क्लबनं सोडलं, बहुतेकांना सोडतात तसंच. तोवर धाकटा मोठ्या माणसांबरोबर चिखलात खेळून ढोपरं फोडून घ्यायला शिकला होता. थोरल्याला या क्लबात त्यानंच आणलं. म्हणून मी बरोबर ठरले असं समजू नका. थोरला अजूनही त्या दोन वर्षांबद्दल बोलत नाही, आणि जुन्या अॅकॅडमीचा सामना टीव्हीवर लागला की उठून जातो.

गेल्या नाताळात जेवताना मीच विषय काढला. धाकटा म्हणाला, "मी त्याच्या जागी असतो तर सही केली असती. लगेच." थोरला म्हणाला, "खोटं बोलतोय." मग बराच वेळ दोघं त्यावरूनच भांडत बसले आणि माझा प्रश्न तसाच राहिला.